पोटखराब्यातली फुलं

कोकणचे फोटो न पाहताही सांगता येतात. समुद्र, वाकलेला माड, वाळूवर ओढून ठेवलेली होडी आणि पाण्याला टेकायला आलेला सूर्य. असे फोटो मीही भरपूर काढलेत आणि पुढेही काढीन. माड वाकलेला दिसला की हात आपोआप पर्सकडे जातो. पण रत्नागिरीहून सागरी महामार्गाने दक्षिणेला निघालं, पावस मागे पडलं, पूर्णगडला मुचकुंदीवरचा पूल ओलांडला की रस्ता पुन्हा वर चढू लागतो. चढ संपतो तिथे झाडंही संपतात. काळपट, खडबडीत, सपाट असं काहीतरी नजर पोचेल तिथवर पसरलेलं असतं. इथे गाडीतले मोबाइल खाली होतात, कोणी डुलकी काढतं, कोणी वडे कुठे मिळतील ते विचारतं. एक समुद्र संपून दुसरा दिसेपर्यंतचा हा रिकामा वेळ.

याला सडा म्हणतात. खाली जांभा दगड आहे. काळा बेसॉल्ट लाखो वर्षं उष्ण, ओल्या हवेत कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो, म्हणून तर कोकणातली घरं चिऱ्यांची. सड्यावर माती नावालाच. वैशाखात इथे अनवाणी चार पावलं टाकवत नाहीत. सातबाऱ्यावर अशा जमिनीचा बराच भाग पोटखराब्यात दाखवलेला असतो, म्हणजे लागवडीला अयोग्य. राजापूर तालुक्यात माझ्या आत्येभावाचं घर आहे, त्याच्याही सातबाऱ्यावर तो आहे. घरातल्या न शिकलेल्या, कुठेच न लागलेल्या भावाविषयी पाहुण्यांसमोर बोलावं, तसा तो त्या तुकड्याविषयी बोलतो.

माझं म्हणणं एवढंच, की तो रकाना ज्याने भरला, तो माणूस उभा होता.

मी गेले तेव्हा गणपती तोंडावर आले होते. घरात सारवणं, रंगवणं, माळ्यावरची भांडी खाली काढणं असलं सगळं एकदम चालू होतं आणि पाहुणीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. मला ते हवंच होतं. वहिनींनी एक छत्री आणि खताचं रिकामं पोतं हातात दिलं. "वन्सं, चिखलात बसणार असाल तर हे घाला खाली, साड्या-ड्रेस धुवायला आता कोणी नाही," असं बजावलं आणि त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्या पोत्याइतकं उपयोगी साहित्य माझ्याजवळ दुसरं नव्हतं. बाकी माझी सामग्री म्हणजे रोजचा फोन, त्याच्या भिंगावर चिमट्याने लावायचं एक छोटं मॅक्रो भिंग, आणि पोलरॉइड काचेचा एक जुना गॉगल. गॉगलची काच फोनच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवली की ओल्या पानांवरची पांढरी चमक एका ठरावीक कोनात निघून जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. गावातल्या मुलांना माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा हा प्रकार जास्त आवडला.

घर उतारावर, सुपारीच्या बागेच्या वरच्या अंगाला. तिथून सड्यावर जाणारी पाणंद दोन गडग्यांच्या मधून जाते. ही वाट गावातली माणसं विडी संपायच्या आत चढतात. माझी त्यात अख्खी सकाळ गेली आणि सडा त्या दिवशी राहूनच गेला.

गडगा म्हणजे नुसते एकावर एक रचलेले जांभ्याचे दगड. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाच्या भोकांत पाणी धरून राहतं आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर त्यावर शेवाळ चढतं. भाद्रपदापर्यंत दगड दिसेनासा होतो. लांबून पाहिलं तर हिरवी भिंत, एवढंच. भिंग लावून वीतभर अंतरावर गेलं की ती एक रंगाची राहत नाही. शेवाळाला केसाएवढे देठ आलेले असतात, देठाच्या टोकाला बोंडं आणि काही बोंडांवर पाण्याचा एकेक थेंब. मधेच गोल पाकळ्यांसारख्या पानांचं नेचं लोंबत असतं. त्याच्या पानाचं टोक लांबत जातं, खालच्या दगडाला टेकतं, तिथे मूळ धरतं आणि तिथून नवं झाड सुरू होतं. असं ते गडग्यावरून टप्प्याटप्प्याने चालत जातं. एका झाडाचे असे टप्पे एकाच फोटोत मावावेत म्हणून मी बराच खटाटोप केला. शेवटी सगळ्यात चांगला आला तो फोटो टोक नुकतं दगडाला लागलेलं असतानाचा, जिथे मूळ फुटलंय की नाही हे डोळ्यांना कळत नव्हतं, भिंगाला मात्र कळलं.

त्याच्या शेजारी बिगोनिया. बागेतला नव्हे, गडग्यावरचा रानटी. पान देठाच्या एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान. फुलं फिकट गुलाबी, आणि एकाच झाडावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे पंखासारख्या कडांचं फळ धरू लागलेलं असतं; ते पाहायचं तर फुलाच्या मागच्या बाजूने फोटो घ्यावा लागतो. फुलाचा फोटो मागून काढावा हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं.

थेंबाचं सांगायला हवं. शेवाळाच्या बोंडावरचा थेंब भिंगातून पाहिला की त्यात पलीकडचा गडगा उलटा दिसतो: खाली आभाळाची पांढरी पट्टी, वर दगड. गोल थेंब स्वतःच भिंगाचं काम करतो. गंमत अशी, की थेंबाची कडा स्पष्ट हवी असेल तर आतलं चित्र पुसट होतं, आणि चित्र स्पष्ट केलं तर थेंबाची कडा विरघळते. इतक्या जवळून फोटो घेताना स्पष्टतेची खोली कागदाच्या जाडीएवढीही उरत नाही. श्वास घेतला तरी हात हलतो. छत्रीचा दांडा मान आणि खांदा यांच्यात पकडून, कोपर गडग्यावर टेकून, श्वास रोखून एकामागून एक फोटो घ्यायचे आणि त्यातला एखादा जमतो. वरच्या पाणंदीतून डोक्यावर भारा घेऊन आलेल्या एका बाईंना जायला वाट देण्यासाठी मी भिंतीला चिकटून उभी राहिले, तर त्यांनी थांबून विचारलं, "काय हरवलंय?"

पावसाळी उजेडाला आपल्याकडे उगाच नावं ठेवतात. उजेड नाही, फोटो काय काढणार, असं म्हणून लोक कॅमेरा पिशवीत टाकतात. डोंगराच्या मोठ्या दृश्याला ते खरंही असेल. लहान गोष्टींना मात्र भरलेलं आभाळ फार मानवतं. सगळीकडून सारखा उजेड येतो, सावल्या कडक पडत नाहीत, आणि ओल्या पानाचा रंग दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी खोल दिसतो. ऊन पडलं की मी छत्री उघडते. पावसासाठी नव्हे, फुलावर सावली धरायला.

दुसऱ्या दिवशी कुठेही न थांबता, म्हणजे जवळजवळ न थांबता, सड्यावर पोचले.

चैत्र-वैशाखात ज्याने हा सडा पाहिला असेल त्याने भाद्रपदात ओळख दाखवू नये. दगडावर बोटभर पाणी उभं होतं आणि ते वाऱ्याने सरकत होतं. खोलगट जागी लहान लहान तळी झाली होती. उभ्याने पाहिलं तर पाण्याच्या कडेने निळसर-जांभळी झाक दिसते आणि तिच्यात पांढरे ठिपके. पोतं टाकून आडवं झालं की झाकेची फुलं होतात. जांभळी ती सीतेची आसवं. पांढरे ठिपके म्हणजे गेंद: शर्टाच्या बटणाहून लहान, काडीच्या टोकावर बसवलेला गोळा. आणि तो एक गोळा म्हणजे एक फूल नव्हे, बारीक फुलांचा गुच्छ. भिंगाखाली त्यातल्या एकेका फुलाचे काळे परागकोश दिसतात. फोटोत मात्र गेंद हमखास पांढराफटक पडतो, सगळं बारीक काम उडून जातं. फोनवर त्याच्यावर बोट ठेवून उजेड मुद्दाम खाली आणावा लागतो, इतका की मागचा सडा अंधारात गेल्यासारखा वाटावा. मग त्याचे पदर दिसतात. सीतेच्या आसवांची अडचण उलटी. माझ्या फोनला जांभळा रंग पटत नाही, तो त्याला निळा करून टाकतो. दोन्ही शेजारी शेजारी उगवतात, त्यामुळे एकाला न्याय दिला की दुसरं बिघडतं.

यातली सीतेची आसवं मांसाहारी आहेत हे आता पुष्कळांना माहीत असतं, पण का, ते सड्यावर आडवं पडल्यावर नीट कळतं. इथे खायला काही नाहीच. जांभ्यात नत्र आणि स्फुरद आधीच कमी, आणि असेल तेवढं चार महिन्यांचा पाऊस धुऊन नेतो. मग सीतेच्या आसवांनी जमिनीखाली, ओल्या मातीच्या थरात, बारीक फुगे लावलेत. फुग्यातलं पाणी बाहेर टाकून आत पोकळी तयार ठेवलेली असते. तोंडाशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात तो जीव पाण्यासकट आत ओढला जातो. वर फूल वाऱ्यावर डोलतंय, फोटो काढणाऱ्या बाईला लाडिक वाटतंय, आणि खाली हे चाललेलं.

थोडं पुढे, दगडाच्या उंचवट्यावर, दवबिंदू नावाचं झाड होतं. त्याचा कारभार उघड असतो. पट्टीसारख्या पानांवर लालसर केस, प्रत्येक केसावर चकाकणारा चिकट थेंब. सकाळी सगळ्याच गवतावर दव असतं, त्यामुळे यातलं खरं दव कोणतं आणि गळ कोणता ते डोळ्यांना ओळखू येत नाही. उन्हाची तिरीप आली की कळतं: दव उडून जातं, हे थेंब राहतात. एका पानावर चिलटाएवढी माशी अडकली होती आणि भोवतीचे केस तिच्यावर वाकलेले होते. तिची तडफड अजून चालू होती. मी फोटो घेतला. तो तांत्रिकदृष्ट्या चांगला आहे आणि पाहायला मला आवडत नाही.

याच सुमाराला माझ्या डोक्यावर एक म्हातारा गुराखी येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी काढून झालेले फोटो दाखवले. त्याला फुलांत फारसा रस नव्हता. मी कोपर कुठे टेकवलंय याकडे त्याचं लक्ष होतं. "हात घालू नको हां दगडाखाली. फुरसं असतंय," तो म्हणाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरशाचं नाव गमतीत घेत नाहीत. वीत-दीड वीत लांबीचा, मातीच्या रंगाचा साप, सुट्या दगडांखाली बसणारा. डिवचला तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. माणूस उभ्याने चालत असेल तर त्याच्या चपलेला धोका, आडवा असेल तर तोंडाला. सौंदर्याच्या नादात हे विसरू नये म्हणून सांगते: पोतं टाकण्याआधी काठीने जागा ठोकून घ्यावी, सुटा दगड उचलू नये, आणि एखादं फूल बेचकीत असेल तर ते तिथेच छान आहे असं म्हणून सोडून द्यावं. म्हाताऱ्याने मग आपली काठी मला वापरायला दिली आणि तोवर गुरं हातानेच वळली.

तळ्यांवर चतुरांची गर्दी होती. पिवळसर अंगाचे, पंख सारखे हलवत राहणारे, टेकायलाच तयार नसलेले. यांचा फोटो माझ्या फोनला जमला नाही आणि जमण्यासारखा नव्हताच. पण हा चतुर साधा नव्हे. 2009 साली चार्ल्स अँडरसन या मालदीवमध्ये राहणाऱ्या जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये थव्यांनी उतरणारे हे चतुर भारतातून आलेले असतात आणि हिंद महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. मालदीवच्या बेटांवर उघडं गोडं पाणी जवळपास नाही, तिथे ते वाढणं शक्यच नव्हतं. मग इतके येतात कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात, आणि या जातीला पावसाची तात्पुरती डबकी पुरतात, कारण तिला दीड-दोन महिन्यांत पंख फुटतात. सड्यावरचं तळं तेवढंच टिकतं. म्हणजे ज्याला आमच्या आत्येभावाच्या सातबाऱ्यावर किंमत नाही, अशा पाण्यातून उठून कोणी आफ्रिकेला गेलं असण्याची शक्यता आहे. हे मी रात्री जेवताना सांगितलं. आत्येभाऊ म्हणाला, "आणि आपल्याला मुंबईचं तिकीट मिळत नाही."

नावांचं सांगते, कारण फोटो काढणाऱ्यांना नावाची घाई असते. हल्ली फोटो दाखवला की नाव सांगणारी ॲप्स आहेत आणि ती कामाची आहेत. तरी माझ्या पिशवीत श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' असतं. ते 2001 साली आलं. इंगळहळीकर व्यवसायाने अभियंते. छंद म्हणून फुलांमागे लागले आणि फोटोवरून फूल ओळखता येईल असं पुस्तक त्यांनी आमच्यासारख्यांच्या हाती दिलं. मला त्यातून झालेला फायदा वेगळा आहे. पुस्तकातल्या चित्राशी आपलं फूल ताडून पाहायचं तर पान समोरासमोर आहे की एकाआड एक, देठ आहे की नाही, पाकळीला शेपूट आहे का, हे सगळं आपल्या फोटोत असायला लागतं. देखण्या फोटोत ते बहुतेक वेळा नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक फुलाचे दोन फोटो घेते: एक माझ्यासाठी, एक पुस्तकासाठी. आणि खरं सांगायचं तर काही महिन्यांनी पुन्हा उघडून पाहिला जातो तो दुसराच.

आत्येभावाबरोबर कशेळीला जायचं ठरवलं ते कातळशिल्पासाठी. कनकादित्याचं देऊळ पाहिलं, तिथली थंडगार फरशी आणि लाकडी खांब पाहिले, पण त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, जवळपास अठरा मीटर लांबीचा. त्याच्या बाह्यरेषेच्या आत मासे, पशू, पक्षी अशी कितीतरी चित्रं भरलेली आहेत. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हे कोरलं, आणि जवळ उंच जागा नसल्याने आपलं पूर्ण चित्र त्या माणसाला कधी एका नजरेत दिसलं नसणार. आज ड्रोनला दिसतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा जागा गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून शोधण्याचं काम सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं केलं. गावात कुठे कुठे ती 'पांडवांची चित्रं' म्हणून माहीत होतीच. नोंद कुठे नव्हती. कशेळीसह कोकणातली काही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

कातळशिल्पाचा फोटो भर दुपारी येत नाही. सूर्य डोक्यावर असला की कोरलेल्या रेषेत सावली पडत नाही आणि सगळा दगड सपाट दिसतो. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन जमिनीला घासून जात असताना, रेषा वर उठते. आम्ही गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. ज्या उजेडाची मी एवढी तारीफ केली, तोच इथे निरुपयोगी ठरला. पण पाऊस पडून गेलेला होता आणि रेषांमध्ये पाणी साचलं होतं. आडवं होऊन, नजर दगडाच्या पातळीला आणून पाहिल्यावर पाण्यात आभाळ चमकलं आणि हत्तीच्या पाठीचा एक तुकडा पांढऱ्या शाईने काढल्यासारखा दिसला. पूर्ण हत्ती मला मिळाला नाही. एका रेषेत मात्र हिरवं शेवाळ धरलं होतं आणि त्याच्या कडेला गेंदाची दोन झाडं उगवली होती, तो फोटो माझ्याजवळ आहे.

कासच्या पठाराला लोक तिकीट काढून जातात. ते पश्चिम घाटातल्या त्या 39 जागांपैकी एक आहे, ज्यांना 2012 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथली फुलं अप्रतिम आहेत आणि त्यांना काही वर्षं कुंपणही होतं. समुद्राकाठचे हे सखल सडे त्या यादीत नाहीत. इथे कुंपण लागतं ते कलमांच्या बागेला.

येताना चिरेखाणीपाशी थांबलो. सड्याचा एक तुकडा मोठ्या चौकोनात कापून खाली नेलेला. लालभडक उभ्या भिंती, यंत्राच्या पात्याच्या सरळ रेघा, तळाशी साचलेलं पोपटी पाणी. फोटो अप्रतिम आला. मी काढलेल्या सगळ्यांत तो सगळ्यांना आवडतो. कॅमेऱ्याला मत नसतं, ही त्याची मोठी अडचण आहे. जिथे वरचा हातभर थर काढून टाकल्यावर गेंद, दवबिंदू, तळं यांतलं काहीच पुन्हा यायचं नाही, ती जागा भिंगातून पाहिली तर त्या थरापेक्षा देखणी. यावर मी आत्येभावाला काही बोलणार होते. पण त्याच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, आणि त्याच्या मुलीचं शिक्षण वरच्या कलमांवर झालंय. ती कलमं लावायला सड्यात सुरुंगाने खड्डे पाडून, खालून माती आणून भरली होती. हापूस खाताना मी कधी विचारलेलं नाही की ही माती कुठली. त्यानेच विषय काढला: तुकडा मागायला माणसं येतात, समुद्र दिसतो म्हणून चांगला भाव देतात, काय करायचं ते गणपतीनंतर बघू. मी त्याला सल्ला दिला नाही. फोटो दाखवले.

तो म्हणाला, "हे आपल्या इथलं?" आणि मग पत्ता विचारल्यासारखं, "नक्की कुठे?"

जेवणं झाल्यावर पडवीत वहिनी हात पुसत येऊन बसल्या. माझ्या फोनवर त्या एकेक फोटो सरकवू लागल्या. त्यांची बघण्याची रीत निराळी होती. फूल सुंदर आहे की नाही यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. "हा कवला. ह्याची भाजी करतो आम्ही पाऊस सुरू झाला की, कोवळी असताना." "ह्याला गुरं तोंड लावत नाहीत." "हे शेरवड. गणपतीच्या माटवीला लागतं, उद्या आणायचंय." शेरवडाच्या फोटोवर मी अभिमानाने सांगितलं, की ते पांढरं पान हे पान नव्हे, फुलाचाच एक वाढलेला भाग आहे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "असेल. ते लांबून दिसतं म्हणून बरं, झाडीत शोधावं लागत नाही." कीटकांनाही ते तेवढ्यासाठीच लांबून दिसतं, हे मी मनातच ठेवलं. बिगोनिया पाहून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. शाळेतून येताना त्याचे आंबट देठ चघळत यायच्या म्हणे. तेरड्याचा मी काढलेला फोटो त्यांनी झटकन पुढे सरकवला. गणपतीपाठोपाठ गौरी येणार, तेरडा त्यांना डोंगरभर दिसत होता आणि तो उपटून आणायचं काम त्यांच्याच माथी होतं.

गेंदाच्या फोटोवर त्या थांबल्या. मोठा केला, बोटाने फिरवला. "एवढा मोठा कधी बघितला नव्हता," म्हणाल्या. मग, "हा माझ्या बहिणीला पाठवा. विरारला असते. काय आहे ते सांगू नका, ओळखते का बघू."

पाठवला. बहिणीला यंदा सुट्टी मिळाली नव्हती, असं वहिनी म्हणाल्या. भांडी आवरून होईपर्यंत उत्तर आलं, बोललेला निरोप. मागे लोकलच्या घोषणा ऐकू येत होत्या. "गेंद आहे गं, मला काय विचारतेस! वरच्या तळीजवळचा ना? तिकडेच येतो एवढा दाट. तळी भरली का यंदा? मागच्या साली बांध फुटलेला तो घातला की नाही कोणी? पोरांना पाठवू नका तिकडे एकटं."

वहिनींनी उत्तर द्यायला फोन तोंडाजवळ धरला, मग खाली घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "वन्सं, उद्या जाल तेव्हा तळीचा एक फोटो काढा. नुसत्या पाण्याचा नको. माणूस उभा करून काढा, म्हणजे किती खोल आहे ते तिला कळेल."

कंबरभर पाण्यात उभा राहील असा माणूस मिळवायचं काम आत्येभावाकडे आलं. तो आपली हाफ पँट शोधायला आत गेला.